मिक्स आफ्रिकन

कुर्ल्याच्या घाऊक मत्स्यालय बाजारात, किंवा घाटकोपर, मुलुंड, बोरिवली स्टेशनांच्या आसपासच्या छोट्या दुकानांत एक टाकी हमखास असते. आत पिवळे, निळे, केशरी, पट्टेरी, ठिपक्यांचे मासे एकमेकांच्या मागे धावत असतात आणि काचेवर मार्करने लिहिलेलं असतं : ‘मिक्स आफ्रिकन’. गप्पी, मॉली, गोल्डफिश पाळून हात बसलेल्या माणसाची पावलं इथे थबकतात. रंग प्रवाळात राहणाऱ्या समुद्री माशांसारखे, पण पाणी गोडं, म्हणजे नळाचं चालणारं, भावही आवाक्यातला. तो पाच-सहा मासे पिशवीत बांधून घेतो. निवडताना जवळजवळ प्रत्येक जण एकच पद्धत पाळतो : प्रत्येक रंगाचा एकेक.

सगळी गुंतागुंत या पद्धतीतून सुरू होते. ते रंग एकाच माशाचे प्रकार नसतात. बहुतेक वेळा त्या वेगवेगळ्या प्रजाती असतात. ज्या माशाला टाकीत स्वतःच्या प्रजातीचा जोडीदार मिळत नाही, तो शेजारच्या प्रजातीशी जमवून घेतो. काही महिन्यांनी त्या घरात अशी पिल्लं पोहत असतात, ज्यांचं जगातल्या कुठल्याच सरोवरात गाव नाही.

दुकानात ‘आफ्रिकन’ म्हणून मिळणारे मासे सिक्लिड कुळातले, मुख्यतः मलावी सरोवरातले. हे सरोवर लांबीला साधारण मुंबईहून गोव्याला जाण्याइतकं, खोलीला ७०० मीटर. त्यात सिक्लिडच्या आठशेच्या आसपास प्रजाती असल्याचा अंदाज आहे आणि त्यांतल्या जवळपास सगळ्या फक्त तिथेच सापडतात. किनाऱ्यालगतच्या खडकांवरचं शेवाळ खरवडून जगणाऱ्यांना तिथली माणसं ‘म्बुना’ म्हणतात. आपल्या दुकानदारांनीही तेच नाव उचललंय. म्बुनाची गंमत अशी की तो खडक सोडून लांब जात नाही. दोन खडकाळ पट्ट्यांमध्ये वाळूचा तळ आला, तरी ती त्याच्यासाठी सीमाच. म्हणून एका बेटाभोवती निळा, पुढच्या बेटाभोवती पिवळट, त्यापुढे पट्टेरी अशा वस्त्या तयार झाल्या. उपनगरातल्या जवळजवळ प्रत्येक आफ्रिकन टाकीत दिसणारा लिंबूपिवळा मासा, लॅबिडोक्रोमिस सेरुलियस, छंदिष्टांच्या भाषेत ‘यलो लॅब’, सरोवरात सगळीकडे पिवळा नसतोच. त्याच्या अनेक वस्त्या पांढरट किंवा फिकट निळ्या आहेत. तो प्रसिद्ध पिवळा रंग पश्चिम किनाऱ्यावरच्या लायन्स कोव्हच्या आसपासचा. एका माशाच्या अंगावर असं एका किनाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं.

या प्रजातींच्या मधली भिंत कशाची असते, हे आधी पाहायला हवं. घोडा आणि गाढव यांच्या संकरातून खेचर होतं आणि खेचर सहसा वांझ असतं, हे आपण शाळेत शिकलो. त्यामुळे दोन वेगळ्या प्रजाती म्हणजे संतती होणारच नाही, झाली तर वांझ होईल, असं आपण धरून चालतो. मलावीच्या सिक्लिडना हा हिशोब लागू पडत नाही. त्यांतल्या अनेक प्रजातींचा संकर सहज होतो, पिल्लं धडधाकट निघतात आणि त्यांनाही पुढे पिल्लं होतात. सरोवरात त्यांना वेगळं ठेवतात ती जागा, खोली, उजेड आणि सगळ्यात जास्त मादीची निवड. नर आपला कोपरा राखतो, अंग थरथरवतो, रंग दाखवतो. मादी कुणाजवळ जायचं ते ठरवते. अंडी घातली की ती लगेच तोंडात उचलते. नराच्या मागच्या परावर अंड्यांसारखे गोल पिवळे ठिपके असतात. ती त्यांनाही टिपायला जाते आणि त्याच वेळी तिच्या तोंडातली अंडी फळतात. ही युक्ती जर्मन प्राणीवर्तनतज्ज्ञ वोल्फगांग विक्लर यांनी १९६२ मध्ये मांडली. त्यानंतर तीन आठवडे, कधी चार, मादी जवळजवळ काही न खाता पिल्लं तोंडात वाढवते.

मुलुंडच्या चौथ्या मजल्यावर हे घडतं तेव्हा घरातल्या सगळ्यांना कळतं. मादीचा गळा फुगलेला, तोंड घट्ट मिटलेलं, दाणे टाकले तरी ती कोपऱ्यात. अनुभवी माणूस ‘होल्डिंग आहे’ म्हणतो आणि तिला वेगळ्या छोट्या टाकीत हलवतो. कुणी तीन आठवड्यांनी तिचं तोंड हलकेच उघडून पिल्लं बाहेर काढतो. त्याला ‘स्ट्रिपिंग’ म्हणतात. पंधरा-वीस चिमुकले मासे, पोटाला अजून पिवळी पिशवी लागलेली. हा आनंद खरा असतो. पण बाप कोण, हे त्या वेळी पिल्लांकडे बघून सांगता येत नाही. रंग भरायला महिने लागतात आणि भरतो तेव्हा कधी कोडं आणखी अवघड होतं. यलो लॅब आणि ‘रेड झेब्रा’ म्हणून विकला जाणारा केशरी मेलँडिया एस्थेरी ही उपनगरी टाक्यांतली नेहमीची संकर-जोडी. त्यांची पिल्लं फिकट केशरी-पिवळी निघतात. अनोळखी नजरेला ती सरळ यलो लॅबच वाटतात, आणि त्याच नावाने पुढे जातात.

‘पीकॉक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ऑलोनोकाराच्या बाबतीत तर अडचण दुकानातच सुरू होते. नर निळे, लाल, सोनेरी. माद्या मात्र सगळ्या प्रजातींच्या जवळपास सारख्याच, करड्या-तपकिरी. भल्याभल्यांना त्या ओळखता येत नाहीत. विक्रेता रंगीत नर दाखवतो आणि माद्या मागितल्यावर एकाच टाकीतून जाळीने काढून देतो. ‘ओबी पीकॉक’सारखे चट्टेपट्टे असलेले मासे तर माणसाने मुद्दाम घडवलेले आहेत : ऑलोनोकारात म्बुनाचे चट्टे आणले गेले. सरोवरात असा मासा नाही. ‘इलेक्ट्रिक ब्ल्यू आहली’ म्हणून विकला जाणारा गडद निळा मासा बहुधा आहली नसतोच. तो स्कियानोक्रोमिस फ्रायेरी. अॅड कोनिंग्ज यांनी १९९३ मध्ये त्याला वेगळी प्रजाती म्हणून नाव दिलं, पण बाजारात जुनं चुकीचं नावच चिकटून राहिलं.

आता निसर्गाकडे वळू. ‘सरोवरातही संकर होतातच की’ असा युक्तिवाद छंदिष्टांच्या गप्पांत नेहमी येतो. तो खोटा नाही. फक्त अर्धा आहे.

व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेला, टांझानियात, म्वान्झाचं आखात आहे. तिथे १९७७ पासून नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचा एक गट ‘फुरू’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या सिक्लिडचा अभ्यास करत होता. तिथल्या खडकांवर दोन जवळच्या बहिणी राहतात. पुंडामिलिया पुंडामिलियाचा नर निळसर. तो उथळ पाण्यात असतो. पुंडामिलिया न्येरेरेईचा नर पाठीवर लालभडक. तो थोडा खाली असतो. या दुसऱ्या प्रजातीला टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांचं नाव दिलेलं आहे. गढूळसर पाण्यात निळा उजेड वरच्या थरातच संपतो, लाल खोलवर पोचतो. त्यामुळे खालच्या माशांचे डोळे लालसाठी आणि वरच्यांचे निळ्यासाठी अधिक संवेदनशील झाले, आणि माद्याही त्यानुसार नर निवडू लागल्या. ओले झेहाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं, की जिथे पाणी निवळ आहे तिथे या सिक्लिडच्या प्रजाती वेगळ्या आणि झगझगीत राहतात. जिथे पाणी गढूळ आहे तिथे रंग मळकट होतात आणि प्रजातींची संख्याच घटते. प्रयोगशाळेतही हेच दिसलं. साध्या प्रकाशात मादी आपल्याच प्रजातीचा नर निवडत होती. एकरंगी प्रकाशात, म्हणजे लाल-निळ्यातला फरकच दिसेनासा झाल्यावर, ती दोघांकडे सारखीच जाऊ लागली.

ते पाणी गढूळ झालं माणसामुळे. किनाऱ्यावरची जंगलं तुटली, शेतीची खतं आणि वस्त्यांचं सांडपाणी सरोवरात उतरलं, शेवाळ माजलं. त्यातच १९५० च्या दशकात सोडलेला नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा १९८० च्या दशकात अफाट वाढला. त्याचं मांस तेलकट, उन्हात नीट वाळत नाही, म्हणून धुरावर भाजायला आणखी लाकूड तुटलं. दोनेकशे फुरू प्रजाती नाहीशा झाल्या असाव्यात असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. काही पर्चच्या पोटात गेल्या. काही मात्र एकमेकींत विरघळून गेल्या, आणि हा दुसरा अंत पहिल्याइतका डोळ्यांत भरत नाही. मासे जिवंत असतात, पोहत असतात, जाळ्यात येतात. त्यांतला फरक तेवढा गेलेला असतो.

मलावीतही असा एक प्रसंग नोंदलेला आहे. केप मॅकलिअरजवळच्या थंबी वेस्ट बेटाभोवती शोभेच्या माशांच्या व्यापारातून दुसऱ्या ठिकाणचे म्बुना सोडले गेले. त्यांतल्या सायनोटिलापिया आफ्राचा तिथल्या झेब्रा माशाशी संकर झाल्याचं जे. आर. स्टॉफर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलं. हा संकर सरोवरात झाला, कुणाच्या दिवाणखान्यात नाही. तरी त्याला नैसर्गिक म्हणायला मी तयार नाही, कारण त्या दोघांची गाठ पिशवीने घालून दिली होती.

मग नैसर्गिक संकर असतो तरी का? असतो, आणि त्याचं महत्त्व थक्क करणारं आहे. व्हिक्टोरिया सरोवर सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी कोरडं पडलं होतं. म्हणजे आज, किंवा कालपर्यंत, त्यात असलेल्या पाचशेच्या घरातल्या प्रजाती एवढ्या थोड्या काळात घडल्या. उत्क्रांतीच्या घड्याळात हा क्षणभरही नाही. इतका वेग आला कुठून? जोआना मायर, झेहाउझेन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये उत्तर मांडलं : या सगळ्या प्रजातींचा पूर्वज समूह दोन दूरच्या वंशांच्या मिसळीतून आलेला आहे. एक काँगो खोऱ्याच्या बाजूचा, दुसरा नाइलच्या वरच्या खोऱ्यातला. दीड लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास बदलत्या हवामानात पाणी एकमेकांना मिळालं, दोन वंश भेटले, आणि त्यांच्या जनुकांच्या नव्या जुळण्यांतून पुढची विविधता फुटली. ज्या दृष्टीच्या जनुकामुळे लाल-निळ्याची फारकत झाली, त्याची वेगवेगळी रूपंही या मिसळीतूनच आली.

हे वाचल्यावर संकराकडे बघण्याची माझी नजर कायमची बदलली. शुद्ध रक्ताची भाषा या देशात माणसांविषयी वापरली गेली आणि तिने काय केलं, हे आपण जाणतो. म्हणून माशांविषयी बोलतानाही मला ती नको वाटते. संकरित पिल्लू हलकं नसतं, विटाळलेलं नसतं. प्रश्न वेगळाच आहे. काँगो आणि नाइलच्या मिसळीनंतर त्या माशांपुढे अख्खं सरोवर होतं : मोकळे खडक, वाळू, खोली, वेगवेगळं अन्न आणि हजारो पिढ्या. त्या मिसळीतून नवीन फरक जन्माला आले. चार फुटी टाकीतल्या मिसळीतून आहेत ते फरक पुसले जातात आणि पुढे काहीच घडत नाही. लायन्स कोव्हचा पिवळा आणि दुसऱ्या खडकाचा केशरी मिळून एक धूसर मधला रंग होतो, तो दुकानात जातो, दुसऱ्या घरी येतो, तिथे तिसऱ्याशी मिसळतो. चार-पाच पिढ्यांत उरतं ते फक्त ‘आफ्रिकन’.

मुंबईच्या टाकीतली परिस्थिती या मिसळीला किती पोषक असते ते बघा. म्बुना भांडखोर, थोडे ठेवले तर एक दांडगा नर बाकीच्यांना मारतो. म्हणून टाकी गच्च भरायची, म्हणजे मार विभागला जातो, हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला. तो उपयोगी आहेच, पण गच्च टाकीत कुणालाच स्वतःचा कोपरा नीट राखता येत नाही. त्यात दुकानांतले आणि आता घरांतलेही गुलाबी-लाल एलईडी दिवे. लाल रंग उठून दिसावा म्हणून लावलेले. एकरंगी प्रकाशात मादी फसते हे प्रयोगशाळेने दाखवलं. आपण तोच प्रयोग दिवाणखान्यात रोज दहा तास चालवतो, असं मला त्या गुलाबी टाक्या पाहून वाटतं. शिवाय माल कुठला, हा मुद्दा आहेच. बराचसा चेन्नईच्या कोळत्तूर भागातून येतो, काही कोलकात्याहून, काही थायलंड-मलेशियातून. वाढवणाऱ्याला रंग हवा असतो, खडकाचं नाव नको असतं, कारण आपण ते कधी विचारत नाही.

संकराला उघड बाजारमूल्य आलं ते फ्लॉवरहॉर्नमुळे. मध्य अमेरिकेतल्या वेगवेगळ्या सिक्लिडची सरमिसळ करून मलेशियात १९९० च्या दशकात हा मासा घडवला गेला. कपाळावर मोठं टेंगूळ, अंगावर काळ्या खुणा. त्या खुणांत चिनी अक्षरं वाचायची, आकडे शोधायचे, धनलाभ होणार म्हणून दुकानाच्या गल्ल्याजवळ ठेवायचा. फेंगशुईची लाट मुंबईत आली तेव्हा अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत कार्यालयांत त्याच्या टाक्या लागल्या. एकेका माशासाठी हजारो रुपये मोजले गेले. कामफा, झेन झू ही त्याच्या वाणांची नावं शाळकरी पोरांच्याही तोंडी बसली. त्याच्या आधी तैवानमध्ये १९८० च्या दशकात ‘पॅरट’ तयार झाला होता. गोल, गाजरासारखा केशरी, आणि तोंडाची ठेवण अशी की ते पूर्ण मिटत नाही. त्याला दाणाही नीट चावता येत नाही. काही पॅरटच्या पिल्लांची शेपटी कापून त्यांना बदामाचा आकार देतात आणि ‘हार्ट पॅरट’ म्हणून विकतात. याबाबत मला काही समतोल मत मांडायचं नाही. हे क्रौर्य आहे आणि ते विकत घेणं थांबायला हवं.

सिक्लिडच्या संकराची सर्वांत मोठी कहाणी मात्र शोभेच्या माशाची नाही, खायच्या माशाची आहे, आणि ती आपल्या उपनगरांच्या मधोमध पोहते. पवई तलावाच्या काठावर उभं राहिलं की दिसणारा, तळात वाटीसारखे खड्डे खणणारा करडा-काळा मासा म्हणजे तिलापिया. उजनीच्या काठावर याला चिलापी म्हणतात. हाही आफ्रिकेचाच सिक्लिड आणि याचीही मादी पिल्लं तोंडात वाढवते. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला. स्वस्तात प्रथिनं मिळतील हा उद्देश. पण तो लहान वयातच पिल्लं घालतो, पाणी खचाखच भरून टाकतो आणि स्थानिक माशांची जागा घेतो, हे लवकरच लक्षात आलं. १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी आली, तोवर तो हाताबाहेर गेला होता. पुढे १९७० च्या दशकात नाइल तिलापिया आला. त्यानंतर फिलिपिन्समध्ये १९८८ पासून निवड-पैदाशीने विकसित झालेल्या ‘गिफ्ट’ वाणाला सरकारने अटी घालून शेततळ्यांसाठी परवानगी दिली.

तिलापियाच्या शेतीत संकर हे हत्यार आहे. सी. एफ. हिकलिंग यांनी मलाक्क्यात १९६० च्या सुमारास मोझांबिक मादी आणि झांझिबारकडच्या दुसऱ्या प्रजातीचा नर यांचा संकर केला, तर पिल्लं सगळी नरच निघाली. दोन्ही प्रजातींत नर-मादी ठरवण्याची गुणसूत्रांची पद्धत वेगळी असल्यामुळे हे घडतं. सगळे नर म्हणजे तळ्यात अनावर पिल्लावळ नाही आणि मासा मोठा होतो. तैवानचा लाल तिलापियाही मोझांबिकच्या केशरी वाणाच्या संकरातूनच आला. तळं बंद असेल तोवर हे सगळं ठीक. पण दक्षिण आफ्रिकेतल्या लिंपोपो नदीत शेतीतून सुटलेला नाइल तिलापिया मूळच्या मोझांबिक तिलापियाशी संकर करत गेला, आणि आज मोझांबिक तिलापिया त्याच्या मायभूमीतच संकटग्रस्त यादीत आहे. जो मासा आपल्याकडे पवईपासून उजनीपर्यंत उपद्रव ठरला, त्याचा मूळ वंश त्याच्या स्वतःच्या नदीत नात्यातल्या पाहुण्याकडून पुसला जातो आहे.

पवई तलाव १८९१ चा. पिण्याचं पाणी म्हणून बांधलेला, आणि काही दशकांतच पिण्यालायक न उरलेला. आजूबाजूच्या वस्त्यांचं सांडपाणी, जलपर्णी, हिरवट गढूळ पाणी. म्वान्झाच्या आखाताचं वर्णन वाचताना तो डोळ्यांसमोर येतो. पावसाळ्यात पवई आणि विहारचं सांडव्याचं पाणी मिठी नदीत उतरतं. म्हणजे या तलावात सोडलेला मासा तलावातच राहील याची खात्री नाही. टाकी आवरताना, घर बदलताना, किंवा जीव वाचवल्याचं पुण्य म्हणून माणसं मासे तलावात सोडतात. सिंगापूर-मलेशियातल्या जलाशयांत फ्लॉवरहॉर्न याच वाटेने पोचले. घरात न मावणारा संकर तलावात सोडणं ही या छंदातली सगळ्यात मोठी चूक आहे, आणि ती भूतदयेच्या नावाखाली होते.

आपला स्वतःचा सिक्लिड आहे का, असं मी ओळखीच्या छंदिष्टांना विचारतो तेव्हा फार थोडे हो म्हणतात. तो आहे आणि आपण तो खातो. गोव्यात आणि दक्षिण कोकणात खाडीच्या पाण्यात मिळणारा काळुंदर, केरळचा करीमीन, म्हणजे एट्रोप्लस सुरातेन्सिस हा अस्सल भारतीय सिक्लिड. भारतात या कुळाच्या तीनच स्थानिक प्रजाती : हा एक, दुसरा छोटा केशरी-पिवळा ऑरेंज क्रोमाइड, आणि तिसरा दक्षिण कर्नाटकातल्या नेत्रावती-कुमारधारा खोऱ्यातला कॅनरा पर्लस्पॉट. त्यांचे सर्वांत जवळचे नातेवाईक मादागास्करात आहेत. भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून तुटले ते जवळपास नऊ कोटी वर्षांपूर्वी. हे मासे त्या तुटलेल्या भूमीबरोबर आले की नंतर समुद्रमार्गे पसरले, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.

काळुंदर आणि ऑरेंज क्रोमाइड एकाच खाजणात राहतात. रिचर्ड वायमन आणि जॅक वॉर्ड यांनी १९७२ मध्ये त्यांच्यातला विलक्षण शेजार नोंदवला. धाकटे क्रोमाइड काळुंदरच्या अंगावरची बुरशी आणि परजीवी टिपून त्याला स्वच्छ करतात. काळुंदर स्थिर राहून ते करू देतो. हेच क्रोमाइड संधी मिळाली की काळुंदरची अंडी आणि पिल्लंही खातात. मैत्री आणि लूट दोन्ही आहेत, पण दोघांचे वंश वेगळे राहिले आहेत. त्यांची फारकत इतकी जुनी, की शास्त्रज्ञांनी आता त्यांना वेगवेगळ्या गणांत (जीनस) ठेवलं आहे. नात्यातल्या प्रजाती एकत्र ठेवायच्या असतील तर मला हीच कसोटी सगळ्यात खरी वाटते : फारकत किती जुनी? व्हिक्टोरियाचे मासे हजारो वर्षांच्या अंतराचे, म्हणून पटकन मिसळणारे. टांगानिका सरोवर कोटभर वर्षं जुनं, तिथल्या वेगवेगळ्या शाखांचे मासे एका टाकीत ठेवले तर धोका पुष्कळ कमी. पण तिथेही जुलिडोक्रोमिसच्या दोन प्रजाती एकत्र ठेवल्या की मिसळ ठरलेली.

मलावीच ठेवायचा असेल तर उपनगरात तो ठेवता येतो, थोड्या कष्टाने. तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी सह्याद्रीच्या काळ्या खडकावरून आलेलं, मऊ. मलावीला कठीण, क्षारयुक्त, ७.८ ते ८.६ पीएचचं पाणी लागतं. म्हणून फिल्टरमध्ये प्रवाळाचा चुरा घालायचा, खाण्याचा सोडा आणि एप्सम मीठ मोजून मिसळायचं. क्लोरीनसाठी हायपो. हीटरची गरज वर्षातले मोजके दिवस; खरी परीक्षा मे महिन्यात, पाणी तापून त्यातला प्राणवायू घटतो तेव्हा. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे २५५ लिटर पाणी मावतं. खडक, वाळू आणि काच धरून वजन तीनशे किलोंच्या वर जातं. भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवलेलं बरं. त्यात एक यलो लॅब नर आणि चार माद्या, डेमासोनी या म्बुनाचा एक गट, फार तर तपकिरी ‘रस्टी’. रंग, ठेवण, गण सगळं वेगळं, आणि प्रत्येकाला स्वतःच्या प्रजातीचा जोडीदार आहे. किंवा पीकॉकचे फक्त नर ठेवायचे आणि पैदाशीचा विचारच सोडायचा. संकर झालाच तर पिल्लं आपल्याच टाकीत वाढवावीत. एखाद्या नवशिक्याला द्यायची झाली तर संकरित आहेत हे सांगून द्यावीत. दुकानात उधारीच्या बदल्यात टाकू नयेत.

एवढा आग्रह कशासाठी, याचं उत्तर २०१३ मधल्या एका घटनेत आहे. मादागास्करातल्या मांगाराहारा नदीचा सिक्लिड, टिकोक्रोमिस इन्सोलिटस, धरणं आणि शेतीच्या पाण्यामुळे नदीतून नाहीसा झाला असं मानलं जात होतं. माहीत असलेले तीनच मासे उरले होते, दोन लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आणि एक बर्लिनला, आणि तिन्ही नर. लंडनच्या संग्रहालयाने मे महिन्यात जगभरच्या घरगुती मत्स्यपालकांना आवाहन केलं : कुणाकडे मादी आहे का? अखेर मादागास्करातल्याच एका रहिवाशाने संपर्क साधला, शोधमोहीम गेली आणि डिसेंबरमध्ये नदीच्या एका तुटलेल्या तुकड्यात अठरा मासे सापडले. आवाहन घरगुती टाक्यांना होतं, कारण ज्यांची नदी संपते अशा माशांचा शेवटचा पत्ता कधी कधी कुणाचा तरी दिवाणखाना असतो. व्हिक्टोरियाच्या काही फुरूंनाही प्राणिसंग्रहालयांच्या आणि छंदिष्टांच्या टाक्यांनीच आजवर तगवलं आहे. पण त्या टाकीवर नाव खरं असेल तरच तिचा उपयोग.

अंधेरीत वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, देशातलं या विषयाचं सर्वोच्च विद्यापीठ. कुर्ल्याचा बाजार तिथून काही किलोमीटरवर. या दोघांची गाठ पडावी अशी माझी इच्छा आहे : प्रजातींची नावं खात्रीने सांगणाऱ्यांची आणि मासे रोज हाताळणाऱ्यांची. मार्कर दुकानदाराच्या हातात आधीच आहे. काचेवर प्रजातीचं नाव, कुठून आलेला, नर किती माद्या किती, आणि संकर असेल तर ठळक अक्षरांत ‘संकर’, एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं. आपण गिऱ्हाइकांनी ते विचारायला सुरुवात केली पाहिजे, आणि एकेक रंगाचा एकेक मासा मागणं सोडून एकाच प्रजातीचे पाच मागितले पाहिजेत.